शनिवारी सकाळी एसओटू कमी का दिसतो? रबाळेतल्या एका सॅम्पल गॅस कूलरचं प्रकरण

कंपनीचं नाव लिहीत नाही, रबाळे एमआयडीसीतली डाय इंटरमीडिएट्स (रंग बनवायला लागणारी रसायनं) बनवणारी मध्यम साईजची कंपनी आहे एवढं पुरे. फर्नेस ऑईलचा बॉयलर, त्याच्या मागे कॉस्टिकचा वेट स्क्रबर (कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धूर धुणारा), मग चिमणी, आणि चिमणीवर ऑनलाईन मॉनिटरिंग. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रवर्गांना हे ऑनलाईन मॉनिटरिंग सक्तीचं केलं, त्यात डाय आणि डाय इंटरमीडिएट्सवाले येतात, म्हणून हा सगळा संसार. रीडिंग थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातं.

तक्रार अशी की शनिवारी सकाळी एसओटू (सल्फर डायऑक्साइड) फारच कमी येतो. म्हणजे इतर दिवशी १८० पीपीएमच्या (दहा लाखात १८० भाग) आसपास असतो आणि शनिवारी साडेआठ-नऊला ६०-७०, मग हळूहळू चढत चढत दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत १८० ला येऊन बसतो. आता खरं सांगायचं तर ही तक्रार प्रोडक्शनची नव्हतीच, रीडिंग कमी येतंय म्हटल्यावर कोण तक्रार करणार, ती आली सेफ्टी-पर्यावरण बघणाऱ्या मॅडमकडून, कारण त्यांनी महिन्याचा ग्राफ काढला तर दर शनिवारी एक खड्डा दिसला आणि त्यांना पुढचा प्रश्न दिसला की उद्या मंडळाकडून कोणी विचारलं की शनिवारी तुम्ही असं काय वेगळं करता, तर सांगायचं काय.

शनिवारच का, याचं अर्धं उत्तर आपल्या इथल्या लोकांना लगेच कळेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांचा वीकली ऑफ शुक्रवारी असतो. गुरुवारी संध्याकाळी बॉयलर बंद, शनिवारी सकाळी चालू. म्हणजे शनिवार हा स्टार्टअपचा दिवस.

सिस्टिम कशी आहे ते थोडक्यात. चिमणीवर गरम प्रोब, त्यात फिल्टर, तिथून २० मीटरची हीटेड लाईन खाली शेल्टरपर्यंत (मीटरची केबिन), सेटपॉइंट १४० डिग्री. खाली कॉम्प्रेसरवाला सॅम्पल गॅस कूलर, काचेचा हीट एक्स्चेंजर, तापमान ५ डिग्री. कूलरच्या तळाशी पेरिस्टाल्टिक पंप, जो साचलेलं पाणी बाहेर टाकतो. मग सॅम्पल पंप, बारीक फिल्टर, मॉइश्चर सेन्सर, रोटामीटर (गॅसचा प्रवाह दाखवणारा) आणि शेवटी एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने गॅस मोजणारा) अॅनालायझर, त्याच्यातच ऑक्सिजनचा सेल.

स्क्रबरनंतरचा गॅस ५५ डिग्रीला असतो आणि पूर्ण ओला, सॅच्युरेटेड. ५५ डिग्रीला सॅच्युरेटेड म्हणजे आकारमानाने साधारण साडेपंधरा टक्के पाण्याची वाफ. कूलरमधून ५ डिग्रीला बाहेर पडला की उरते पाऊण-एक टक्क्याच्या आसपास, नेमकं सांगायचं तर ०.८६. म्हणजे मधलं सगळं पाणी कूलरने काढायचं, आणि ते इतक्या झटकन काढायचं की गॅसमधला एसओटू त्या पाण्यात विरघळायला वेळच मिळू नये. कूलरची सगळी कारागिरी यातच आहे, नुसतं थंड करणं तर फ्रीजलाही जमतं.

आता ग्राफ बघताना पहिली गोष्ट जी कोणीच बघितली नव्हती ती म्हणजे बाकीची चॅनेल. ऑक्सिजन बरोबर होता. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) बरोबर होता. फक्त एसओटू खाली. इथेच निम्मी केस सुटते असं माझं मत. कुठे लीकेज असतं, बाहेरची हवा आत ओढली जात असती, तर ऑक्सिजन वर गेला असता आणि सीओसुद्धा पातळ झाला असता. तसं काही नाही. सीओ पाण्यात जवळपास विरघळत नाही, ऑक्सिजनही नाहीच्या बरोबर, एसओटू मात्र पाणी दिसलं की उडी मारतो. म्हणजे चिमणी आणि अॅनालायझर यांच्यामध्ये कुठेतरी पाणी उभं आहे, आणि ते फक्त शनिवारी सकाळी आहे.

मेंटेनन्सच्या साहेबांचा संशय अॅनालायझरवर होता, कारण महाग वस्तूवर संशय घ्यायला बरं वाटतं. कूलर नीट थंड करत नसेल, वाफ अॅनालायझरमध्ये जात असेल, म्हणून चुकत असेल असं त्यांचं म्हणणं. पण एनडीआयआरमध्ये वाफ शिरली तर एसओटूचं रीडिंग साधारणपणे वर ढकललं जातं, खाली नाही, कारण एसओटू ज्या ७.३ मायक्रॉनच्या आसपास मोजतात तिथे पाण्याचाही पट्टा पसरलेला असतो आणि अॅनालायझरला पाणीसुद्धा एसओटूच वाटतं. त्यामुळे हा संशय उलट्या दिशेचा. तरीही भांडण नको म्हणून ४०० पीपीएमचा स्पॅन गॅस (आकडा आधीच माहीत असलेला, तपासणीचा गॅस) सिलिंडरवरून थेट अॅनालायझरला दिला, मिनिट-दोन मिनिटात ३९८-३९९ वर येऊन स्थिर. अॅनालायझर निर्दोष सुटला.

मग तोच गॅस वर चिमणीवर प्रोबमधून सोडला, शनिवारी सकाळीच. ही टेस्ट लोक टाळतात कारण नळी घेऊन वर चढावं लागतं, पावसात जिना निसरडा, आणि स्पॅन गॅसही जास्त खर्च होतो, पण सिस्टिमची टेस्ट ही एवढीच, बाकी सगळी अॅनालायझरची टेस्ट. दहा मिनिटं झाली तरी २५० च्या पुढे जाईना. रांगत रांगत चढत होता. दुपारी तीनला तीच टेस्ट केली तर ३८५. म्हणजे सकाळी दीडशे पीपीएम वाटेतच कोणीतरी खात होतं आणि दुपारीसुद्धा पंधरा खात होतं. हे पंधरा पीपीएम लक्षात ठेवा, ते पुढे येतात.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला मी एक मेजरिंग सिलिंडर मागवला. लॅबमधून १०० मिलीचा आणला होता, तो परत पाठवून १० मिलीचा मागवला, कारण हिशोब असा आहे: रोटामीटरवर तासाला ६० लिटर कोरडा गॅस, त्याच्यासोबत साडेपंधरा टक्के वाफ, त्यातली ०.८६ टक्के पुढे जाणार, बाकीचं पाणी झालं तर तासाला साधारण साडेसात मिली. पेरिस्टाल्टिक पंपाच्या नळीचं टोक सिलिंडरमध्ये सोडायचं आणि घड्याळ लावायचं. मला ही टेस्ट कुठल्याही डिस्प्लेपेक्षा जास्त आवडते, कारण कूलरचा डिस्प्ले त्याच्या ब्लॉकचं तापमान सांगतो, गॅसचं नाही, आणि पाणी खोटं बोलत नाही. दुपारी मोजलं तर सात-सव्वासात, म्हणजे ठीक. शनिवारी सकाळी पहिल्या तासात किती आलं? जेमतेम चार. आणि नंतर एकदम भसकन जास्त. म्हणजे सुरुवातीचं तीन-साडेतीन मिली पाणी कूलरपर्यंत पोचलंच नव्हतं, ते आधीच कुठेतरी पडून राहिलं होतं. तीन मिली म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण हीटेड लाईनच्या आतली टेफ्लॉनची नळी चार मिलीमीटर व्यासाची असते, त्यात तीन मिली म्हणजे चांगलं वीतभर लांब पाणी. त्या पाण्यातून बुडबुडे काढत गॅस जाणार आणि एसओटू तिथे राहणार.

आता लाईन १४० डिग्रीची असताना पाणी पडलं कसं? तर पाणी पडलं तेव्हा ती १४० ची नव्हतीच. शनिवारी सकाळी इलेक्ट्रिशियन काका आले, पॅनेल उघडलं आणि वरपासून खालपर्यंत सगळे एमसीबी एका दमात वर केले, खटखटखट. त्याच क्षणी सॅम्पल पंप सुरू झाला. हीटेड लाईनच्या कंट्रोलरवर तेव्हा ३१. कूलरवर २९. प्रोबचा फ्लँज तर जाडजूड लोखंडी, त्याला गरम व्हायला तास लागतो. म्हणजे वरून ५५ डिग्रीचा ओला गॅस येतोय आणि त्याला सगळी वाट ३०-३१ डिग्रीची मिळतेय. चहाच्या पातेल्यावर थंड झाकण ठेवल्यासारखं, आतून थेंबच थेंब.

असं होऊ नये म्हणून तर इंटरलॉक असतो. ड्रॉइंगमध्ये तो व्यवस्थित होता, कूलर ओके, लाईन टेम्परेचर ओके आणि मॉइश्चर सेन्सर ओके अशी तीन कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये, तिन्ही लागल्याशिवाय पंपाचा रिले उचलत नाही. मग इथे कसा उचलला? टर्मिनल स्ट्रिप बघितली. सगळ्या वायरींना फेरूल, नंबर छापलेले, लग व्यवस्थित क्रिंप केलेले, आणि मध्येच एक पिवळी वायर, फेरूल नाही, लग नाही, दोन्ही टोकं नुसती सोलून पिळून स्क्रूखाली दाबलेली. पहिल्या दोन कॉन्टॅक्टच्या डोक्यावरून गेलेली, म्हणजे कूलर आणि लाईनची अट तपासलीच जात नव्हती.

काकांना विचारलं, काका ही वायर कसली?

"ती होय, ती मे महिन्यात टाकली होती. तात्पुरती."

मे महिन्याची गोष्ट अशी निघाली. शेल्टरचा एसी बिघडलेला, आत भट्टी, कूलरच्या कंडेन्सरच्या जाळीत धुळीचा आणि तेलकट काजळीचा थर, त्यामुळे कूलर ५ डिग्री धरू शकत नव्हता, ११-१२ वर जायचा, अलार्म यायचा, पंप ट्रिप, डेटा बंद, आणि डेटा बंद झाला की मंडळाकडून अलर्ट. मग कोणीतरी सांगितलं की आजच्यापुरतं बायपास करा. एसी नंतर दुरुस्त झाला, वायर राहिली. इंटरलॉक आपलं काम बरोबर करत होता हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, तो त्रास देतो एवढंच आलं. काकांना बोल लावण्यात अर्थ नाही, त्यांनी सांगितलं तेवढं केलं, पण ज्याने सांगितलं त्याने कुठल्या रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायला हवी होती.

इथपर्यंत मला वाटत होतं झालं. पण हिशोब पुरता जुळत नव्हता. लाईन गरम व्हायला तास, मग आतलं पाणी उडायला फार तर आणखी अर्धा तास, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत रीडिंग सुधारायला हवं. इथे एक-दीड वाजत होता. अजून काहीतरी खात होतं.

प्रोबचा फिल्टर काढला (फ्लँज गरम असतो, लेदरचे ग्लोव्हज घालूनच हात लावायचा, आणि गॉगल). सिरॅमिकच्या कांडीवर पांढरा खडबडीत थर, मिठागरातून काढल्यासारखा. फर्नेस ऑईलच्या चिमणीत फिल्टर काळा असायला हवा, पांढरा कशाला? बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात थोडा थर खरवडून टाकला आणि पीएच पेपर बुडवला, हिरव्याच्याही पुढे निळसर गेला, ९ च्या आसपास. म्हणजे अल्कली. स्क्रबरमधले कॉस्टिकचे बारीक तुषार वर चिमणीत उडत होते आणि फिल्टरवर सोडियमचे क्षार साचत होते, मुख्यतः सल्फाइट, हवेने झालेलं थोडं सल्फेट. आता सोडियम सल्फाइट ओलं असलं की ते एसओटूला धरून बायसल्फाइट बनवतं. म्हणजे आम्ही चिमणीवर मोजमाप करण्याआधी एक छोटा दुसरा स्क्रबर बसवून ठेवला होता. थर कोरडा आणि गरम असला की फारसं काही करत नाही, पण शनिवारी सकाळी थंड फिल्टरवर गॅसमधलं पाणी पडलं की तो ओला व्हायचा आणि मग वाळेपर्यंत, पोट भरेपर्यंत एसओटू खात बसायचा. तासन् तास लागायचे ते ह्याला.

आणि दुपारचे ते पंधरा पीपीएम? ते सापडले शेल्टरच्या आत. हीटेड लाईन भिंतीतून आत येते आणि संपते, तिथून कूलरच्या इनलेटपर्यंत दीड फूट साधी टेफ्लॉनची नळी होती, इन्सुलेशन नाही, हीटिंग नाही, वर एसीचा झोत सरळ तिच्यावर. ती मध्ये झोळीसारखी लोंबत होती आणि टॉर्च मारला तर झोळीत पाणी डुचमळताना दिसत होतं, रोज, चोवीस तास. ते पाणी आधीच आंबट झालेलं असल्यामुळे शनिवारच्या ताज्या पाण्याइतका एसओटू घेत नाही, पण थोडा घेतंच. १४० ची लाईन, ५ चा कूलर आणि मध्ये दीड फूट २४ डिग्री. बसवणाऱ्याने लाईन दीड फूट कमी मागवली असणार.

मधल्या काळात एका पुरवठादाराने कोटेशन पाठवलं होतं, कूलरच्या नंतर नाफिऑन ड्रायर लावा म्हणून. साहेब जवळजवळ ऑर्डर देणार होते. आता नाफिऑन चांगलीच वस्तू आहे, सल्फोनिक अॅसिड ग्रुप असलेलं मेम्ब्रेन, पाण्याची वाफ भिंतीतून आरपार बाहेरच्या कोरड्या हवेत जाते आणि एसओटू आतच राहतो, आणि पाणी द्रवरूपात बनतच नाही त्यामुळे विरघळण्याचा प्रश्न नाही. पण ते वाफेसाठी आहे, आत पाण्याचे थेंब गेले की त्याचा कारभार बिघडतो. शिवाय ते कॅटायन एक्स्चेंज मटेरियल आहे, सोडियमचे तुषार पोचले तर सोडियम त्यात जाऊन बसतं आणि ड्रायर हळूहळू मरतो. आणि मुख्य म्हणजे इथे एसओटू खाल्ला जात होता कूलरच्या आधी, ड्रायर लागणार होता कूलरच्या नंतर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोटेशन बाजूला ठेवलं.

मग केलं काय. पिवळी वायर काढली आणि कूलरच्या कंडेन्सरची जाळी ब्लोअरने साफ केली, कारण जाळी तशीच ठेवून वायर काढली असती तर पुढच्या मे महिन्यात ती परत लागली असती. कूलर इनलेटची नळी छोटी करून, चढ-उतार न ठेवता सरळ उतारावर घेतली, हीटिंग टेप आणि इन्सुलेशन थेट फिटिंगपर्यंत. पेरिस्टाल्टिक पंपाची नळी बदलली, ती या केसमध्ये दोषी नव्हती, पण शुक्रवारभर एकाच जागी रोलरखाली दबून चपटी होत होती आणि सहा महिने उलटून गेले होते, दोनशे-चारशे रुपयांच्या वस्तूसाठी थांबण्यात मतलब नव्हता.

आणि स्टार्टअपचा क्रम बदलला. खरं तर आधी प्रश्न हा विचारला की बंद का करता? वीज वाचवायला, असं उत्तर आलं. लाईन पूर्ण तापवताना दोन किलोवॅटच्या आसपास घेते आणि एकदा तापली की मधूनमधूनच ओढते, त्या बॉयलरच्या आयडी फॅनपुढे (धूर ओढणारा मोठा पंखा) हे काहीच नाही. म्हणून आता शुक्रवारी प्रोब, लाईन आणि कूलर चालूच राहतात, फक्त सॅम्पल पंप बंद. गुरुवारी बॉयलर बंद झाल्यावर लगेच पंप बंद करायचा नाही, प्रोबच्या ब्लोबॅक (उलट हवा मारून फिल्टर साफ करायच्या) कनेक्शनमधून इन्स्ट्रुमेंट एअर सोडून पंधरा मिनिटं कोरडी हवा ओढायची, कूलरच्या नळीतून थेंब यायचे थांबले की मग पंप बंद. नाहीतर ओला गॅस दोन रात्री आतच मुरत पडतो.

लाईटच गेली आणि सगळं थंड झालं तर मात्र पहिल्यापासून. आधी कूलर, हीटेड लाईन, प्रोब हीटर तिन्ही ऑन आणि पंपाचा स्विच ऑफ. कूलर १५-२० मिनिटात ५ वर येतो, पण त्याच्याकडे बघून घाई करायची नाही, सगळ्यात आळशी प्रोब असतो, त्याची वाट बघायची. तोपर्यंत पेरिस्टाल्टिक पंप फिरतोय ना, डोळ्याने बघायचं, नुसता आवाज ऐकून नाही. मग पंप चालू पण चिमणीचा गॅस नाही, इन्स्ट्रुमेंट एअर. ऑक्सिजन २०.९ वर आला, मॉइश्चर सेन्सर कोरडा, रोटामीटर ६० वर, की स्पॅन गॅस प्रोबमधून. तो नीट आला तरच चिमणीचा गॅस. तोपर्यंत डेटावर मेंटेनन्सचा फ्लॅग लावायचा, कारण चुकीचा आकडा पाठवण्यापेक्षा फ्लॅग लावलेला आकडा केव्हाही बरा. इन्स्ट्रुमेंटचा जो तरुण मुलगा आहे त्याने हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलंय आणि खाली लाल पेनने लिहिलंय, लिंक (बायपासची वायर) मारायची असेल तर आधी मॅडमना फोन.

पुढच्या शनिवारी पहिलं ग्राह्य रीडिंगच १९५ च्या आसपास आलं आणि दुपारपर्यंत तिथेच राहिलं, खड्डा नाही. रोजचं रीडिंगही १८० वरून तेवढंच वर गेलं, हे त्या झोळीतल्या पाण्याचे पैसे.

आता यात एक गोष्ट अशी निघाली जी कोणाला आवडली नाही. बॉयलर ऑपरेटर अॅनालायझरचा आकडा बघून कॉस्टिकचा डोस ठरवायचा. शनिवारी सकाळी ६०-७० दिसतंय म्हटल्यावर तो डोस कमी करायचा, त्याच्या बाजूने बरोबरच, कॉस्टिक फुकट येत नाही. म्हणजे ज्या वेळी स्क्रीनवर सगळ्यात कमी एसओटू दिसत होता त्याच वेळी चिमणीतून बहुधा सगळ्यात जास्त जात होता. मॅडमनी हे जसंच्या तसं रजिस्टरमध्ये लिहिलं, कारणासकट आणि दुरुस्तीच्या तारखेसकट. साहेब म्हणाले एवढं सविस्तर कशाला, त्या म्हणाल्या ग्राफ तर सर्व्हरवर आहेच, निदान स्पष्टीकरण आपल्या हातचं असू दे. मला त्यांचं पटलं.

शिल्लक आहे तो स्क्रबरचा डेमिस्टर, म्हणजे तुषार अडवणारा भाग. तुषार वर उडतायत म्हणजे त्याचा पॅड एकतर फाटलाय नाहीतर जागेवरून सरकलाय, आणि ते बघायला स्क्रबर उघडावा लागेल, जो दिवाळीच्या शटडाऊनशिवाय उघडणार नाही. तोपर्यंत दर गुरुवारी पंप बंद झाल्यावर फिल्टर काढायचा, पाण्याने धुवायचा, वाळवून परत बसवायचा. एक जादा फिल्टर स्टोअरमध्ये मागवलाय, तो अजून आलेला नाही.